उतारांना नावं असलेला मुलुख

इटलीतलं बारोलो हे गाव जेमतेम सातशे वस्तीचं. एक किल्लेवजा वाडा, एक चर्च, उताराच्या चार-पाच गल्ल्या, आणि गल्ली संपली की लगेच द्राक्षवेलींची पहिली ओळ. आमच्या ठाण्यातल्या खोपट एसटी स्टँडच्या आसपासच्या दोन-तीन सोसायट्या मिळून याहून जास्त माणसं निघतील. तरी या गावाच्या नावानं भरलेली वाइनची बाटली जगभरात मोठ्या कौतुकानं उघडली जाते, आणि गावाला खेटून असलेल्या नावाजलेल्या उतारावर एक हेक्टर जमीन घ्यायची तर दहा लाख युरोच्या पुढे मोजावे लागतात. म्हणजे आपले नऊ-दहा कोटी रुपये. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाईतदाराची मुलगी. तो हिशोब आपोआप एकरावर उतरला आणि मी त्या गल्लीत जागच्या जागी थांबले.

माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. लग्न होऊन ठाण्यात आले तरी माल काढणीच्या दिवसांत खोपटच्या स्टँडवरून नाशिकची गाडी धरायची, हे कधी चुकवलं नाही. भाऊ बाग बघतो. त्याचा मुलगा, माझा भाचा, तुरीनच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतोय. ‘आत्या, एकदा येच तू. इथली माणसं आपल्यासारखीच बागेपायी रात्र-रात्र जागणारी आहेत. फक्त त्यांची बाग उभ्या टेकडीवर आहे,’ असं तो केव्हाचा म्हणत होता. शेवटी ऑक्टोबरच्या सुरुवातीला, त्यांची तोडणी ऐन रंगात असताना, मी गेले.

तुरीन सोडल्यावर बराच वेळ सपाटी असते. मक्याची शेतं, कालवे, कारखाने. आल्बा गाव साठेक किलोमीटरवर. त्याच्या अलीकडेच जमीन एकदम घड्या पडल्यासारखी वर-खाली होऊ लागते. हा लांगेचा प्रदेश. टेकड्या फार उंच नाहीत. ला मोरा या गावाच्या कठड्यावर उभं राहिलं की आपण पाचशे मीटरवर असतो. म्हणजे सप्तशृंगगडाच्या निम्म्यानेही नाही. पण त्या कठड्यावरून जे दिसलं त्याला माझ्या पाहण्यात जोड नाही. खाली धुकं भरलेल्या दऱ्या, धुक्याच्या वर एकेक टेकडी, प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एकेक गाव आणि गावात एक बुरूज. माथ्यापासून धुक्याच्या काठापर्यंत उताराला आडव्या गेलेल्या वेलींच्या ओळी, अगदी नकाशावरच्या समोच्च रेषांप्रमाणे. पश्चिमेला आल्प्स, आणि त्यात इतरांपासून सुटून उभा असलेला मोन्व्हीझोचा पांढरा त्रिकोण, ३,८४१ मीटर उंच. २०१४ साली युनेस्कोने लांगे, रोएरो आणि मोनफेर्रातो इथला द्राक्षमुलुख जागतिक वारशाच्या यादीत घातला. त्या यादीत लेणी, देवळं, किल्ले असतात हे आपल्याला ठाऊक असतं. इथे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन त्या मानाला पोचली आहे.

एका बांधावर मी मातीचं ढेकूळ उचललं. फिकट, निळसर करडं. बोटांत धरलं की पापुद्रे सुटतात. ही माती म्हणजे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यापुढे ही टेकडी पोरसवदा. आणि ही माती सगळीकडे सारखी नाही. पश्चिमेला, बारोलो आणि ला मोराच्या बाजूला ती जास्त चिकट. पूर्वेला सेरालुंगा, मोनफोर्तेकडे तिच्यात वाळूचा दगड अधिक. वेल तीच, नेब्बियोलो जातीची. पण पश्चिमेची वाइन लवकर मवाळ होते आणि पूर्वेची वर्षानुवर्षं ताठ राहते, असं इथला प्रत्येक माणूस सांगतो.

इथेच मला पहिला मोठा धक्का बसला. या उतारांना नावं आहेत आणि ती नावं कायद्यात आहेत. कान्नुबी, ब्रुनाते, राबाया, आझिली. कान्नुबी हे नाव लिहिलेली १७५२ सालची बाटली अजून जपून ठेवलेली आहे. तेव्हा ‘बारोलो’ हे वाइनचं नाव म्हणून रूढसुद्धा झालं नव्हतं. शेजारच्या बार्बारेस्कोने २००७ साली आपल्या हद्दीतल्या ६६ जागांच्या सीमा आखून त्यांची अधिकृत यादी केली. बारोलोने २०१० साली केली, तिच्यात १८१ नावं आहेत. बाटलीवर उताराचं नाव घालायचं तर द्राक्ष त्याच उताराचं हवं. नकाशे इतके बारीक की रस्त्याच्या डावीकडची वेल एका नावाची आणि उजवीकडची दुसऱ्या.

आमच्या शिवारातही नावं होती. चिंचेचा मळा, खालची पांढरी, विहिरीची पट्टी. कुठल्या पट्टीतला गहू चवीला सरस, कुठल्या मळ्यातली मेथी कोवळी, हे आजीला तोंडपाठ होतं. सातबाऱ्यावर मात्र गट नंबर आला. नंबर राहिला, नाव आजीबरोबर गेलं. थॉमसन द्राक्षाचा घड क्रेटमध्ये पडला की तो पिंपळगावचा का वणीचा, माळाचा का मळईचा, हे कुणी विचारत नाही; मण्याचा आकार आणि गोडी मोजतात. या लोकांनी मातीतला तो फरक कधी पुसू दिला नाही. त्यांच्या श्रीमंतीचं मूळ मला तिथे दिसलं.

ज्या घरी आम्ही दिवस काढला त्या कुटुंबाचं नाव मी देत नाही. त्यांनी घरात घेतलं, जेवू घातलं, ते छापून येण्यासाठी नव्हतं. घर टेकडीच्या सोंडेवर. खाली तळघरात वाइन, वर माणसं. जमीन आठ हेक्टरच्या आसपास, तीही चार उतारांवर विखुरलेली. घरात ऐंशी ओलांडलेली आजी, तिचा मुलगा-सून आणि नात. नात वाइनचं शास्त्र शिकून परत आलेली. आता बहुतेक कारभार तिच्याच हाती.

तिने आम्हांला आधी बागेत नेलं. चढ असा, की मधल्या भागात मला वेलीच्या खांबांना धरून चढावं लागलं. ठिबकच्या नळ्या कुठेही नाहीत, वेल पावसावर. वेली गुडघ्यापासून डोक्यापर्यंत तारांवर चढवलेल्या, मांडव नाही. नेब्बियोलोचा घड लांबोळका, मणी बारीक, जांभळ्या सालीवर पांढुरकी झाक. मी एक मणी तोंडात टाकला. गोडी भरपूर, पण सालीचा आणि बियांचा तुरटपणा असा, की कच्च्या सुपारीचं खांड चघळल्यासारखी जीभ आवळून आली. हे द्राक्ष खाण्याचं नव्हे. तोच तुरटपणा पुढे पिंपात वर्षानुवर्षं मुरतो आणि तोच त्या वाइनचा कणा होतो.

‘सगळ्यात चांगली जागा कशी ओळखायची?’ असं मी भाच्याकरवी विचारलं. नातीने समोरच्या टेकडीकडे बोट केलं. जुनी माणसं हिवाळा सरताना दारात उभं राहून बघायची, कुठल्या उतारावरचं बर्फ आधी वितळतंय. जिथे माती आधी उघडी पडे तिथे नेब्बियोलो. त्याखाली किंवा बाजूला बार्बेरा आणि दोल्चेत्तो या जाती. उत्तरेच्या सावलीत हेझलनट किंवा रान. आजच्या नियमावलीतही तोच शहाणपणा उतरला आहे: बारोलोची बाग १७० ते ५४० मीटर उंचीच्या दरम्यानच हवी, ओल्या सखल जागी नको, पूर्ण उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारावर नको.

त्याच नियमावलीत उत्पन्नालाही मर्यादा आहे. हेक्टरी आठ टन. एकरी सव्वातीन. त्याहून जास्त पिकवाल तर बारोलो हे नाव लावता येणार नाही. उन्हाळ्यात जास्तीचे घड कापून ओळींमध्ये टाकून देतात. मी वेलीखाली पाहिलं, तर खरोखरच सुकून काळे पडलेले घड मातीत मिसळत होते. आमच्याकडेही विरळणी होते, पण ती राहिलेल्या मण्यांनी फुगावं म्हणून. एकरी दहा-बारा टन काढणारा भाऊ माझ्या डोळ्यांपुढे आला. कमी पिकवून जास्त मिळवायचं, आणि हा नियम सरकारने लादायची वाट न बघता गावाने स्वतःवर घालून घ्यायचा, ही गोष्ट इथे येऊन, खाली पडलेले घड डोळ्यांनी पाहूनच मला पटली.

वेलींचं वर्षही आपल्याहून वेगळं. आपल्याकडे एका वर्षात दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्या वेलीला झोप नाही. ती आपण छाटून पाडतो. इथे थंडीच वेलीला झोपवते. हिवाळ्यात एकदाच छाटणी, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, आणि नेब्बियोलो सगळ्या जातींच्या मागून, ऑक्टोबरात पिकतो. मी त्यांना सांगितलं की आज, या घडीला, माझा भाऊ गोडी छाटणीच्या घाईत असेल. तुमचा शेवट तो आमचा आरंभ. खुंटाबद्दल मात्र आमची पटकन ओळख पटली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा बसवल्या, तेव्हापासून त्यांची वेल अमेरिकी खुंटावर कलम केलेली असते. भावाची थॉमसनही अमेरिकी डॉगरिज खुंटावर उभी आहे. जमिनीच्या वर पिंपळगाव आणि बारोलो. जमिनीच्या खाली सगळं चुलत घराणं.

तोडणीला आलेली माणसं घरची नव्हती. उत्तर मॅसेडोनियातून आलेली बरीच कुटुंबं या भागात बागांची कामं करतात. आमच्या ओळीत त्यांपैकी पाच-सहा जण होते. लहान कात्री, लहान क्रेट, म्हणजे खालचे घड दबत नाहीत. निफाडला छाटणीला आणि विरळणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, तशीच ही. त्यांतली एक बाई माझ्याच वयाची. तिने हाताने खूण करून माझ्या कमरेकडे आणि मग स्वतःच्या कमरेकडे दाखवलं. बागेत वाकून काम केलेल्या कुठल्याही बाईला ती खूण कळेल. जगात नाव झालेल्या वाइनच्या गोष्टीत या बाईचं नाव कुठे येत नाही. निदान माझ्या लिहिण्यात ती असावी.

जेवण आजीच्या स्वयंपाकघरात. अंड्याच्या भरपूर बलकात मळलेल्या कणकेच्या केसासारख्या बारीक शेवया, त्यांना तायारीन म्हणतात, वर लोणी आणि सेजची पानं. शेवटी हेझलनटचा केक. आणि जेवता-जेवता आजीने जी हकीकत सांगितली ती ऐकून, सकाळी कठड्यावरून पाहिलेलं सगळं दृश्य माझ्या मनात पुन्हा पहिल्यापासून लागलं.

आजी मूळची इथली नाही. ती कालाब्रियाची, म्हणजे इटलीच्या पार दक्षिण टोकाची. १९६०च्या दशकात लग्न होऊन आली. तेव्हा लांगे म्हणजे दळिद्री मुलुख. तुरीनच्या फियाट कारखान्यात दरमहा पगार मिळत होता; इथल्या मुली शहरातलाच नवरा बघत. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळेना. मग मध्यस्थ दक्षिणेत फोटो घेऊन जाऊ लागले, तिकडच्या गरीब घरच्या मुली लग्न होऊन आगगाडीने हजार किलोमीटर उत्तरेला येऊ लागल्या. भाषा वेगळी, थंडी वेगळी, आणि गावाने टोमणे मारायचे. आजी म्हणाली की पहिल्या हिवाळ्यात तिने समुद्राची आठवण काढून रडून घेतलं आणि मग छाटणीची कात्री हातात धरली. भाच्याने हे सगळं मला मराठीत सांगितलं आणि गप्प झाला. नाशिक, सोलापूर, सांगली, कुठल्याही बागाईत पट्ट्यात आज शेती करणाऱ्या मुलाला स्थळ मिळवताना घरच्यांची काय दशा होते, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. त्याच्या बरोबरीची मुलं गावात आहेत.

हे दारिद्र्य काही शतकांपूर्वीचं नव्हे. आल्ब्याचा लेखक बेप्पे फेनोलियो याने १९५४ साली ‘ला मालोरा’ ही छोटी कादंबरी लिहिली. पोटासाठी दुसऱ्याच्या शेतावर राबायला पाठवलेल्या लांगेतल्या मुलाची ती गोष्ट. नुतो रेव्हेल्ली याने या प्रांतातल्या खेड्यापाड्यांत हिंडून म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून त्यांची आयुष्यं टिपून घेतली आणि १९७७ साली ती छापली. त्या ग्रंथाचं नावच पराभूतांचं जग अशा अर्थाचं आहे. म्हणजे जी जमीन आज कोटींनी मोजतात, ती माझ्या आईच्या तरुणपणी कुणी फुकट घेतली नसती.

मग ही माणसं टिकली कशी? एक कारण आल्ब्यात शिरताच नाकाला कळतं. गावभर भाजलेल्या हेझलनटचा आणि कोकोचा वास. फेरेरो कंपनी १९४६ साली इथेच सुरू झाली. युद्धानंतर कोको दुर्मीळ, हेझलनट मात्र टेकड्यांवर मुबलक. दोन्ही मिसळून तिने पदार्थ केले आणि १९६४ साली न्युटेला आणलं. ठाण्यात वाढलेल्या माणसांना कॅडबरी नाक्यावरचा तो जुना वास आठवेल; मला आल्ब्याच्या चौकात तो लख्ख आठवला. पण वासाहून मोलाची गोष्ट म्हणजे बस. फेरेरोने कामगारांना शहरात राहायला बोलावलं नाही. कंपनीच्या बसगाड्या पहाटे टेकड्यांवरच्या गावागावांत जात, माणसं घेऊन येत आणि पाळी संपली की परत नेऊन सोडत. दिवसा कारखाना, संध्याकाळी आणि सुट्टीला बाग. पगार आला, जमीन विकावी लागली नाही, गाव ओस पडलं नाही. तुरीनने लांगेची माणसं ओढून घेतली. आल्ब्याने ती रोज घरी पोचवली. एसटी स्टँडशेजारी संसार केलेल्या मला हे कुणी समजावून सांगायला नको. एक गाडी वेळेवर गावात आली आणि गेली, तर गावात काय-काय टिकतं हे मी माहेरी पाहिलेलं आहे. त्याच फेरेरोचा कारखाना २०११पासून आपल्या बारामतीत आहे. आजीला ते सांगितलं तेव्हा तिने ‘बारामती’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

जेवणानंतर तळघर. मोठमोठी लाकडी पिंपं, माणसाहून उंच, जुन्या लाकडाची. प्रत्येकाच्या तळाशी पुढच्या बाजूला एक लहानसं दार, फार तर वीतभर-दोन वीत रुंद. वर्षाकाठी पिंप रिकामं झालं की एकाने खांदे तिरके करून त्या दारातून आत सरकायचं आणि आतला थर घासून काढायचा. नातीने कोट काढला, एक हात पुढे घातला, मग डोकं, मग दुसरा खांदा आखडून घेतला, आणि बघता-बघता ती आत होती. आतून तिचा आवाज घुमला. घरातलं हे काम आता तिचं, कारण बापाचे खांदे आता मावत नाहीत. बारोलो विकायला काढण्याआधी ३८ महिने थांबावं लागतं, त्यांपैकी किमान १८ महिने लाकडात. ‘रिझेर्व्हा’ म्हणायचं तर ६२ महिने. या थांबण्यात पैसा अडकतो, व्याज चढतं. लहान कुटुंबाला ते झेपणं सोपं नाही. आमचा माल आठवड्याभरात उठला नाही तर मणी तडकतात, आणि व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर पुढच्या छाटणीचे वांधे. दोन्हीकडे काळजीच, एक घाईची, एक वाट बघण्याची.

या पिंपांवरून इथे घराघरांत भांडणं झाली आहेत. सगळ्यांत गाजलेली गोष्ट ला मोराच्या एलियो आल्तारे यांची. तरुणपणी ते फ्रान्सच्या बर्गंडीत जाऊन आले, तिथली लहान नवी पिंपं आणि तिथल्या बागायतदारांची सुबत्ता पाहिली, आणि १९८३ साली त्यांनी वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापून काढली. वडिलांनी त्यांना वारशातून वगळलं. दोघांचा समेट झालाच नाही. १९८५ साली वडील गेले आणि आल्तारे यांना आपलीच जमीन भावंडांकडून विकत घ्यावी लागली. दुसऱ्या बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो. ते मोठ्या जुन्या पिंपांवर शेवटपर्यंत ठाम राहिले. बाटल्यांची लेबलं स्वतःच्या हाताने रंगवायचे आणि एका लेबलावर त्यांनी छोट्या पिंपांना आणि राजकारणी बेर्लुस्कोनींना एकाच दमात नकार लिहिला होता. आल्तारे यांच्या पिढीने बारोलोला जगाच्या बाजारात नेलं, मास्कारेल्लोंच्या हट्टाने ते बारोलो राहिलं. मला दोन्ही माणसं मोठी वाटतात. पण करवत चालली त्या दिवशी त्या बापाला काय वाटलं असेल, हा विचार तळघरातून बाहेर आल्यावरही सुटेना. बाग काढून दुसरं पीक लावायचं ठरवलेल्या मुलापुढे गप्प बसलेले बाप मी आमच्या भागात पाहिले आहेत.

१९८६ साली इटलीवर आणखी एक संकट आलं. स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं मेली, आणि भेसळीचे धागे याच प्रांतात निघाले. निर्यात कोसळली. आपल्याकडे २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. काही दिवस धरपकड झाली आणि मग सगळं मागे पडलं. इथे त्या धक्क्यातून कसून तपासणी आली आणि ‘कमी पण अस्सल’ म्हणणाऱ्यांचं गाव ऐकू लागलं.

आपल्याकडच्या वाइनची गोष्ट किती कोवळी आहे हे इथे उभं राहिल्यावर नीट दिसतं. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात सुरुवात केली. नाशिकला राजीव सामंत यांची सुला २०००च्या सुमारास उभी राहिली, २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. अकलूजजवळ मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची, अशा भावांच्या तीन जोड्यांनी ‘फ्रातेल्ली’ काढली आणि वाइन करायला तोस्कानाहून पिएरो मासी यांना आणलं. माळशिरस तालुक्याच्या उन्हात इटलीची सांजोव्हेझे वेल रुजली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही आहे. हे सगळं गेल्या चाळीसेक वर्षांतलं. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाइन कंपनीची आणि द्राक्ष कराराने शेतकऱ्याचं. उताराला नाव देणारा, वाइन करणारा आणि कात्री धरणारा हात एकाच घरचा, अशी घरं आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. त्र्यंबकच्या, दिंडोरीच्या उतारांना नावं आहेत. ती कुणीतरी लेबलावर आणावी असं मला मनापासून वाटतं.

परतीच्या वाटेवर बार्बारेस्को. हे गावही सातशेच्या आत-बाहेर. उंच चौकोनी बुरूज, समोर चर्च, आणि चर्चसमोर सहकारी संस्थेची इमारत. हे पाहायचंच, असं मी निघतानाच ठरवलं होतं. १८९४ साली आल्ब्याच्या वाइनशाळेचे प्रमुख दोमित्सियो कावाझ्झा यांनी नऊ बागायतदार एकत्र करून इथे पहिली सहकारी वाइनरी काढली. फॅसिस्ट राजवटीत ती बंद पडली. मग १९५८ साली गावचे धर्मगुरू दोन फियोरिनो मारेंगो यांनी पाहिलं की एकेकट्याने द्राक्ष विकून कुणाचंच भागत नाही, गाव रिकामं होतंय. त्यांनी १९ कुटुंबं जमवली. पहिल्या तीन वर्षांची वाइन चर्चच्या तळघरात झाली. आज पन्नासेक कुटुंबं आहेत, शंभराहून अधिक हेक्टर बाग आहे, आणि चांगल्या वर्षी नऊ उतारांच्या नऊ वेगवेगळ्या वाइन ते भरतात, प्रत्येक बाटलीवर त्या उताराचं नाव घालून.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून एकेक शेअर गोळा करून साखर कारखाना उभा केला, १९५० साली त्याचं धुराडं पेटलं, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, हे आम्ही घरात ऐकत वाढलो. द्राक्षासाठी १९९१ साली ‘महाग्रेप्स’ झाली, अलीकडे मोहाडीला ‘सह्याद्री’ उभी राहिली. म्हणून त्या चर्चसमोर मला परकं वाटलं नाही. कारण तेच, माणसंही तशीच. फरक इतकाच, की इथे ती मिळून वाइन मुरवतात.

तिथूनच भावाला फोन लावला. तिकडे रात्र होत आली होती. बाग, आजी, पिंपातली नात, सगळं सांगून झालं. तो ऐकत होता. मग म्हणाला, ‘ताई, ते राहू दे. माल घेताना भाव कशावर ठरतो?’

‘गोडीवर आणि मालाच्या प्रतीवर. चांगला माल, जास्त पैसे.’

‘आणि भाव वधारला की सभासद बाहेर विकत नाही?’

‘नेब्बियोलो पिकेल तेवढा सगळा संस्थेलाच द्यायचा. तसा नियम आहे.’

‘एक क्रेटपण बाहेर नाही?’

‘एकही नाही.’

बराच वेळ तो बोलला नाही. मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, ‘पोराकडे दे फोन.’ दोघं बापलेक पुष्कळ वेळ बोलले. सभासद फुटला तर काय करतात, आगाऊ उचल देतात का, मुलाने बाग सोडली तर शेअर कुणाकडे जातो. भाचा होय-नाही करत चौकात येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने फोन कानाला तसाच ठेवला, खुणेनेच मला थांबायला सांगितलं आणि संस्थेच्या दारातून आत शिरला, नियमावलीची प्रत मिळते का ते विचारायला.